मोरिवलीची सजलेली शाळा

मोरिवलीची शाळा कोंडाजी पाटलाच्या जुन्या गोठ्यात भरायची. गुरं तिथून हलून दोन वर्षं झाली होती, पण गोमाशांना कुणी तसं कळवलं नव्हतं. कौलं फुटलेली, एक भिंत पोट सुटलेल्या माणसासारखी पुढे आलेली, आणि दारासमोर बिनकठड्याची विहीर. त्या विहिरीत आजवर तीन पाट्या, एक शेळी आणि गुरुजींची टोपी गेली होती. पोर गेलं नव्हतं, हे देवाचे उपकार. चौथीच्या पुढे वर्गच नव्हता. पुढे शिकायचं तर रूळ ओलांडून अंबरनाथला जायचं.

कौसाबाईचा जीव त्या पाचवीत अडकला होता. तिची विठा यंदा चौथीत होती, आणि पोरगी अशी की मिठाची पुडी सोडली तरी आधी कागद वाचणार, मग मीठ देणार. पण बाळाजीने, म्हणजे विठाच्या बापाने, एकदा सांगून टाकलं होतं की रुळापलीकडे पोर धाडायची नाही. गावात पाचवी निघाली तर शिकू दे, नाहीतर जूनपासून भाताची रोपं लावायला, आवणीला येऊ दे. माणूस वाईट नव्हता. आगगाडीला भ्यायचा, एवढंच.

चोपन्न सालच्या फेब्रुवारीत श्यामकांत गुरुजी बातमी घेऊन आले. जिल्ह्याच्या शाळांसाठी स्कूल बोर्डाने योजना आखली होती. पडक्या शाळांना नवी इमारत, उघड्या विहिरींना कठडे, आणि जिथे गरज दिसेल तिथे सातवीपर्यंतचे वर्ग. शुक्रवारी शाळा तपासणारे दिपोटीसाहेब स्वतः शाळा पाहायला येणार होते. एवढं सांगून गुरुजी साहेबांना आणायला कल्याणला निघून गेले, ते दोन दिवस तिकडेच राहिले. चूक झाली ती इथेच.

कारण कुणी पाहायला येणार म्हटलं की काय करायचं, हे मोरिवलीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. भिंती सारवायच्या, जे कमी असेल ते शेजारून मागून आणायचं आणि जे बरं दिसत नसेल त्याच्यावर काहीतरी पांघरायचं. खुद्द कौसाबाईला पाहायला आले तेव्हा तिच्या बापाच्या अंगणात खिल्लारी बैलांची जोडी उभी होती. ते बैल सासऱ्याचे नाहीत, हे बाळाजीला हळद लागल्यावर कळलं. तरी संसार झालाच की!

कौसाबाईने पदर खोचला आणि गावाला कामाला लावलं. फुगलेल्या भिंतीला चुना दिला आणि तिच्यावर शेजारच्या सगुणाबाईची नवी सतरंजी टांगली. कौलांखाली लग्नाच्या मांडवाचं पांढरं छत ताणलं, त्यामुळे आभाळ दिसेनासं झालं. अंबरनाथच्या कारखान्याच्या फाटकाजवळच्या हॉटेलातून चार बाकं आली. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराने भिंतीवरचं घड्याळ एका दिवसापुरतं दिलं आणि ‘संभालके’ असं चारदा बजावलं. विहिरीवर फळ्या टाकून वर तुळशीच्या कुंड्या मांडल्या. पटावर मुलं कमी वाटू नयेत म्हणून गावात मामाकडे आलेली दोन पाहुणी पोरंसुद्धा पाटी देऊन बसवली. आपण पोरीची पाचवी पक्की केली, या समाधानात कौसाबाई त्या रात्री गाढ झोपली.

शुक्रवारी टांग्यातून उतरताना गुरुजींचा पाय पायरीवरच राहिला. आपण चुकून दुसऱ्या गावात आलो की काय, असं त्यांना वाटलं. साहेब मात्र खूश झाले. त्यांनी मुलांना पाढे विचारले, विठाने एकोणतीसचा न अडखळता म्हटला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, तुळशीचा वास घेतला, बाकावर ऐसपैस बसले आणि शाळेचं शेरेबुक उघडून लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले, “इमारत उत्तम स्थितीत. स्वच्छता वाखाणण्याजोगी.”

दारात उभ्या कौसाबाईला आनंद मावेना. आयुष्यात तिच्या सारवणाबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं, आणि इथे तर सरकार लिहून घेत होतं. तिने अभिमानाने गुरुजींकडे पाहिलं, तर गुरुजींचा चेहरा उतरलेला. ते दाराशी येऊन हळूच म्हणाले, की शाळा उत्तम असली तर योजनेत कशी बसेल? ना इमारत, ना कठडा, ना पाचवी. आणि गावाची लबाडी आपल्या तोंडाने सांगायची, तर गावाची अब्रू जायची.

पाहुण्यासमोर आपल्या घराचं उणं काढायचं, हे कौसाबाईच्या रक्तातच नव्हतं. मेलं तरी गावात कुणी तसं करत नसे. पण पहिल्या बाकावर विठा बसली होती, आणि तिचे हात आवणीच्या चिखलात कौसाबाईला आत्ताच दिसायला लागले. ती आत गेली.

“सायेब, लिवू नका. हे सगलं मांगून आनलेलं हाय. माजे पोरीला पाचवी पायजे, म्हनून मीच मांडलं. आता खरं दावते.”

तिने छताची दोरी सोडली. वरून उन्हाचे कवडसे साहेबांच्या टोपीवर, वहीवर, सगळीकडे सांडले. सतरंजी ओढली, भिंतीचं पोट बाहेर आलं. मग अंगणात जाऊन तिने एकेक कुंडी उचलली, फळी सरकवली आणि साहेबांना विहिरीतलं पाणी दाखवलं. गुरुजींची टोपी अजून तरंगत होती. बोलता बोलता तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

साहेबांनी वाकून पाण्यातल्या टोपीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “मुलं तरी शाळेची आहेत ना?”

“दोन सोडून,” कौसाबाईने डोळे पुसत सांगितलं.

साहेब इतके हसले की टांगेवाला पाहायला आला. त्यांनी वही पुन्हा उघडली, एक ओळ खोडली आणि पुढे पानभर लिहिलं.

जूनमध्ये विहिरीला कठडा बांधायला गवंडी आले. इमारतीला अजून वर्ष लागणार होतं, पण कोंडाजीच्या ओटीवर पाचवी सुरू झाली आणि हजेरीत पहिलं नाव विठाचं लागलं. बाळाजी आवणीला एकटाच गेला, कुरकुरला नाही. पहिल्याच दिवशी कौसाबाईने गुरुजींकडून ते शेरेबुक मागितलं आणि विठाला वाचायला बसवलं. विठाने धोकादायक भिंत वाचली, विहीर वाचली, पाचवीची गरज वाचली.

“वरचं पन वाच,” कौसाबाई म्हणाली.

“तिथं एक ओळ खोडलीय, आये. इमारतीची.”

“आनि दुसरी?”

विठाने बोट ठेवून पाहिलं. दुसरी ओळ साहेबांनी तशीच ठेवली होती. “स्वच्छता वाखाणण्याजोगी,” तिने वाचलं.

कौसाबाईने ती ओळ आणखी तीनदा वाचून घेतली, आणि मग कठड्याशी चुन्याचे शिंतोडे पडले होते ते झाडायला गेली.