सत्यभामाबाईंनी वाचवलेलं पाणी

मित्रांनो, पाण्याच्या घरात कॅन भरताना समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं पांढरं, खरबरीत फडकं तुम्ही रोज पाहता. ते मी आहे. हात लावलात तर बोटांना भुकटी लागेल. मी या आरओ यंत्रातली जुनी गाळणी. मेकॅनिक मला मेंब्रेन म्हणत. माझ्या जागी आता दुसरी बसली आहे, आणि खरं सांगते, तिचा मला हेवा वाटतो.

कागदाहून पातळ थर आणि बारीक जाळ्या एका भोकाभोकांच्या नळीभोवती घट्ट गुंडाळल्या, की माझ्यासारखी एक तयार होते. ठाणाकुशनूरजवळच्या या गावात आम्ही चौघी आलो आणि एकीमागे एक, आपापल्या बंद नळीत बसलो. बोअरचं खारट पाणी आधी थोरलीकडे जाई. ती त्यातलं थोडं गोड पाणी काढी आणि उरलेलं पुढे ढकली. मी चौथी. माझ्यापर्यंत येईतो ते सगळ्यांत खारट झालेलं असे. माझ्याकडून उरलेलं पाणी तो सगळा खार घेऊन मोरीत जाई.

एवढं करून कौतुक कोणाचं? बाहेरच्या वाळूच्या टाकीचं! ती फक्त गाळ अडवी. यंत्र चालवणाऱ्या सत्यभामाबाई रोज सकाळी तिला पाणी उलट्या दिशेनं सोडून धुवत, पदरानं पुसत. खंडेनवमीचा हारही तिलाच. "गुणाची गं माझी टाकी," असं त्या म्हणत, तेव्हा बंद नळीत माझा जीव जळे. आम्हाला मिळे ते यंत्र बंद करण्याआधीचं पाच मिनिटांचं धुणं. मोरीकडे जाणाऱ्या नळीचा कॉक पूर्ण उघडून पाणी जोरात सोडायचं, इतकंच.

एका दुपारी तेही गेलं. सत्यभामाबाईंनी लग्नानंतर वीस वर्षं लांबच्या विहिरीचं पाणी डोक्यावर वाहिलं होतं. मोरीकडे बघत त्या पुटपुटल्या, "येवढं पाणी वाया जायलंय. पाप लागंल." त्यांनी मोरीचा कॉक जवळजवळ बंद केला आणि पाच मिनिटांचं धुणंही थांबवलं. त्या दिवशी दहा घागरी जास्त भरल्या. गावानं त्यांना शाबासकी दिली. मलाही आनंद झाला, कारण माझ्यातून कधी नव्हे इतकं पाणी निघत होतं. आता बघ म्हणावं थोरलीला!

पण बाहेर जायची वाट बंद झालेला खार माझ्या अंगावर बसू लागला. आधी धुरळ्यासारखा, मग सालीसारखा. दाबाचा काटा रोज थोडा वर चढे, पण तिकडे कुणी पाहिलं नाही. धार बारीक झाली, पाणी खारट लागू लागलं. एक दिवस गावातली नागरत्ना भरलेला कॅन परत घेऊन आली.

"अक्का, बोअरचंच पाणी द्यायलाव का कॅनात? पोरं थुंकून टाकायलेत."

सत्यभामाबाईंनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. हुमनाबादहून मेकॅनिक धम्मानंद आला. त्यानं आम्हा चौघींना बाहेर काढून एकेकीला हातात तोललं.

"अक्का, ही बाकीच्या एकेकीच्या दुप्पट जड हाय. मोरीचा कॉक कुणी आवळला?"

"मीच. पाणी वाया जायलंय म्हणून. कामून, चुकलं व्हय?"

"ते वाया न्हाई जात. खार घिऊन जातंय. त्याला वाट न्हाई दिली तर हितंच मुक्काम करतंय की!"

त्यानं आम्हाला परत बसवून लिंबूसत्त्वाचं आंबट पाणी आमच्यातून फिरवलं. तिघी मोकळ्या झाल्या. माझी धार आली नाही. दुसऱ्यांदा फिरवलं, तरी नाही. धम्मानंदनं पिशवीतून नवी मेंब्रेन काढली.

सत्यभामाबाईंनी माझ्या नळीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आजून एकदा धू की रे. बिचारीनं लई काम केलंय."

मित्रांनो, त्या शब्दांसाठी मी जिवाचा आटापिटा केला. पण तिसऱ्यांदा धुवूनही काटा खाली आला नाही.

मग धम्मानंदनं मला पात्यानं चिरून जमिनीवर पसरलं. सत्यभामाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. तळवा पांढरा झाला. "हिला टाकू नगंस," त्या म्हणाल्या. "भिंतीला लाव. मला दिसू दे."

आता त्या आधी काटा बघतात, मग टाकी धुतात. धम्मानंदनं केलेल्या लाल खुणेपुढे कॉक कधी आवळला जात नाही. मोरीचं पाणी एका हौदात साठतं आणि बायका त्यावर भांडी घासतात. मी मागितलं असतं तर हेच मागितलं असतं. ते सगळं माझ्यानंतर आलेलीला मिळालं.

तुमच्या घरच्या यंत्रातून बाहेर जाणारी नळी आवळू नका. खाली बादली ठेवा. आणि जी दिसत नाही, तिला वेळेवर धुवा.

रोज यंत्र बंद करण्याआधी सत्यभामाबाई कॉक पूर्ण उघडतात. नवी आत धुतली जाते, तो खळखळाट मला इथे ऐकू येतो. पाच मिनिटं. मी मोजते.