मागच्या चाकावरची विभूती

मी मागचा टायर बोलतोय. पुढचा टायर दिशा दाखवतो म्हणून मिरवतो, पण ढकलायचं काम माझ्याकडे. तेव्हा ही गोष्टही मीच सांगणार.

गोष्ट माझी, आणि तितकीच याळिनीची. जर्मनीत गाड्यांच्या चालीचं शास्त्र शिकताना तिला वाटायचं, की आपण कोइमतूरला परत जाऊ, अप्पांच्या गॅरेजात रेसच्या बाईकचं सगळं गणित मांडू, आणि अप्पा लाडानं म्हणतील, "कण्णू, इतके दिवस कुठं होतीस?" प्रत्यक्षात तिला दिसलं ते असं: अप्पा, म्हणजे तिचे वडील कदिरेसन, बाईकच्या मागे हाताची घडी घालून उभे. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागचा टायर निवडायची त्यांची रीत एवढीच होती.

"मागून कशी भरलेली दिसली पाहिजे," ते म्हणाले. "जेवून उठलेल्या वरबापासारखी."

बाईक होती याळिनीच्या धाकट्या भावाची, मुगिलनची. तिच्यावर तेव्हा एकशेसाठ मिलिमीटर रुंदीचा एक टायर बसवलेला होता. मी त्याला जाड्या म्हणतो. स्वभावानं वाईट नाही, पण अंगापेक्षा बोंगा मोठा.

माझं म्हणाल, तर केरळातल्या रबराच्या झाडांचा चीक माझ्या अंगात आहे. त्यात काजळी मिसळली, गंधक मिसळलं, दोऱ्यांचे थर घातले आणि मला साच्यात घालून असं भाजलं, की बाहेर आलो तेव्हा कुशीवर आकडे उमटलेले होते: १४०/७०-१७. पहिला आकडा माझी रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा माझी उंची, रुंदीच्या शेकडा किती ते. तिसरा माझ्या आत बसणाऱ्या रिमचा व्यास, इंचांत. माणसांच्या पत्रिकेत इतकं खरं कुठं लिहिलेलं असतं?

याळिनीनं दुकानात रांगेतल्या सगळ्यांच्या कुशी वाचल्या आणि मला उचललं. गॅरेजात आणलं तेव्हा मुगिलन माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "अक्का, दूधवाल्याच्या सायकलचा आणलास का गं?"

"तुझी रिम चार इंच रुंद आहे," ती म्हणाली. "तिच्यावर हाच बसतो."

"तो पण बसलाय की."

"बसलाय कुठला, कोंबलाय."

आणि खरंच होतं ते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की त्याच्या दोन्ही कुशी आत ओढल्या जातात आणि पाठ उंटासारखी वर येते. वळणावर बाईक कितीही झुकली तरी त्याच्या कडा जमिनीला लागत नाहीत. वर त्याचं वजन जास्त, म्हणून बाईक झुकायलाही आढेवेढे घेते. याळिनीनं हे सगळं लॅपटॉपवर चित्रं काढून समजावलं. तिचं बोलणं ऐन रंगात आलं असताना अप्पा कॉफी प्यायला निघून गेले.

तिच्या दृष्टीनं हा खेळ नव्हता. अप्पांनी घरात सांगून टाकलं होतं, की मोसमातली शेवटची रेस रविवारी. मुगिलन पहिल्या तिघांत आला तर रेसची बाईक राहील. नाही आला तर बाईक विकायची आणि शेड पंपदुरुस्तीला द्यायची. कोइमतूरला पंपांना तोटा नाही. जर्मनीतली नोकरी अजून याळिनीच्या उत्तराची वाट बघत होती. "पंप उघडायला मी परत नाही आले," असं ती पेरियम्माला, म्हणजे आपल्या मोठ्या काकूला म्हणाली, तेव्हा तिचा आवाज चिरकला होता. मी भिंतीला टेकून ऐकत होतो.

शनिवारी सराव. गावाबाहेरच्या ट्रॅकवर दोघांनाही पळवून बघायचं ठरलं, एवढं तरी याळिनीनं पदरात पाडून घेतलं होतं. अरिसि-परुप्पु, म्हणजे डाळ-तांदळाच्या भाताचा डबा घेऊन पेरियम्मा आली होती, आणि सोबत विभूतीची डबी. या घरात कुठलंही चाक पहिल्यांदा फिरण्याआधी तिच्या हातच्या तीन रेघा लागतातच. तिनं विभूती पाण्यात कालवली आणि जाड्याच्या पाठीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत तीन आडव्या रेघा ओढल्या. मग माझ्याही पाठीवर. बोट गार होतं. गुदगुल्या झाल्या, पण टायरला हसता येत नाही.

"टायरलासुद्धा भस्म?" याळिनी पुटपुटली.

"तुझ्या पेटीला पण लावलं होतं, तू विमानात बसायच्या आधी," पेरियम्मा म्हणाली. "पोचलीस ना नीट?"

रेघा वाळल्यावर आधी जाड्या पळून आला. मग मुगिलननं चाक बदललं आणि मला घेऊन गेला. काय सांगू ते सुख! वळण आलं, की मी कलायचो. आणखी कलायचो. पाठीचा मधला भाग सोडून कुशीजवळच्या अगदी शेवटच्या बोटभर रबरावर उभा राहायचो, आणि जमीन मला धरून ठेवायची.

परत आलो तर पेरियम्माचा चेहरा उतरलेला.

"अगं बाई, ह्याच्यावरच्या रेघा पार पुसल्या," ती म्हणाली. "त्याच्यावर बघा, दोन्ही कडांना अजून आहेत. देवानं राखलंय त्याला."

अप्पांनी जाड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "झालं तर मग. उद्या तोच."

"अप्पा, निदान वेळ तरी बघा," याळिनी म्हणाली.

"वेळ थोडी चांगलीच आहे तुझ्या टायरची. पण सरावात काय, वारा पण मदत करतो. विभूती पुसली गेली, ते चांगलं नाही."

मला ट्रॅककडेच्या आमच्या तंबूच्या खांबाला टांगलं. याळिनी पाय आपटत तिथंच येऊन बसली. रागानं तिचे कान लाल झाले होते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, कडेपर्यंत. मग उठून जाड्याच्या पाठीवरून फिरवला. बोटाला पांढरी विभूती लागली. बराच वेळ ती त्या बोटाकडे बघत राहिली. मग पेरियम्माजवळ जाऊन बसली.

"पेरियम्मा, तुझ्या कपाळावर सकाळी तीन रेघा होत्या ना?"

"होत्या की."

"आता एकही नाही."

"राहतील कशा? पहाटेपासून चुलीपुढं आहे. घाम पुसता पुसता गेल्या." पेरियम्मानं हाताचा अंगठा मागं वळवला. तिथं तिचे यजमान, अप्पांचे थोरले भाऊ पेरियप्पा, आरामखुर्चीत पेंगत होते. "यांच्या बघ. रात्री झोपेपर्यंत हलायच्या नाहीत. काम करतील तर पुसतील."

बोलून झालं आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिनं जाड्याच्या कडांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? अप्पा आधी गालातल्या गालात आणि मग पोट धरून हसले. "अण्णांना उठवू नका," ते म्हणाले, "नाहीतर मागच्या चाकाला बांधावं लागेल त्यांना." मग हसू आवरून ते जाड्याजवळ उकिडवे बसले. त्याच्या कडेवरची ती कोरी पट्टी त्यांनी बोटानं मोजल्यासारखी चाचपली. "एवढा सगळा नुसता दाखवायलाच घेऊन फिरत होतो की आपण," ते म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. "मुगिला, तो काढ खाली."

रविवारी मुगिलन शेवटच्या रांगेतून सुटला. प्रत्येक वळणावर आम्ही कुणाच्या ना कुणाच्या आतून निघत होतो. शेवटच्या वळणावर तिरुप्पूरच्या एका पोरीच्या बाईकला मागं टाकलं. तिच्यावर जाड्याचाच भाऊबंद बसवला होता, आणि ती बाईक झुकायला तयार नव्हती.

आम्ही चौथे आलो.

अप्पा शब्दाचे पक्के. घरी जातानाच त्यांनी पंपांचा टेम्पो सांगून टाकला. पण त्याआधी, सामान बांधत असताना, ती तिरुप्पूरची पोर हेल्मेट काखेत मारून आमच्या तंबूत आली होती. तिनं अप्पांना नाही, याळिनीला विचारलं, "अक्का, माझ्या रिमला कुठला बसेल, बघून सांगाल का?" तिच्यामागे आणखी काही जण घुटमळत होते. आपापल्या बाईक घेऊन.

आता माझी पाठ झिजलीय. कडेपर्यंत झिजलोय, याचा मला अभिमान आहे. तुमच्यापैकी कुणी मागचा टायर घ्यायला जाणार असाल, तर मागे उभं राहून मान वाकडी करू नका. आधी रिमची रुंदी बघा, मग आमची कूस वाचा. आम्ही खोटं बोलत नाही. आणि कंपनीनं दिलेल्या मापाहून मोठा हवासा वाटला, तर तो कशासाठी हवाय, हे स्वतःला एकदा विचारा.

रेसच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, पंपांनी भरलेला टेम्पो शेडच्या दारात उभा राहिला. याळिनी आधीच दारात होती. रात्रभर जागल्यासारखे डोळे, पण चेहरा ताजा.

"पंप डावीकडं उतरवा," ती टेम्पोवाल्याला म्हणाली. "उजवी बाजू माझी."

"तुझी?" अप्पा आतून आले. "आणि जर्मनीचं काय?"

"नाही म्हणून कळवलं."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, पंपांकडे पाहिलं. "उजवीकडं ऊन येतं गं दुपारी," एवढंच म्हणाले आणि स्वतःच एक पंप उचलून डावीकडे सरकवू लागले.

याळिनीनं दारावर खिळा ठोकला आणि मला टांगलं, रस्त्यावरून दिसेन असं. मग पेरियम्मापुढे हात केला. पेरियम्मा डबी आपल्याच हातात धरून उभी होती. तिनं ती दिली. याळिनीनं विभूती कालवली आणि माझ्या झिजलेल्या पाठीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तीन रेघा ओढल्या.