माफीचे अकरा टेक

टेक १

आबासाहेबांनी बाजाची पेटी छातीशी धरून पाच पावलं टाकली, पारापाशी आले आणि वाकून ती पारावर बसलेल्या सहादेवच्या पायाशी ठेवली. भारतीनं पुढं केलेला पेला घेतला, ओठांना लावल्यासारखा केला आणि परत दिला. मग हात जोडले.

"सहादेवा, माझं चुकलं. मला माफ कर."

"कट!" खुर्चीवरून चेतन ओरडला. मुंबईहून आलेला हा टीव्हीचा दिग्दर्शक सकाळपासून सगळ्या गावाला सर, मॅडम आणि काका म्हणत होता. "सर, झकास! फक्त सहादेवराव म्हणा. आणि माफ कर नाही, माफ करा. रीटेक."

"म्हंजी?"

"म्हणजे परत. पेटी उचलून मागं त्या फुलीवर जा."

फुली चुन्यानं काढलेली होती. आबासाहेबांनी पेटी उचलली. उचलताना तोंडातून "हुं" असा आवाज निघाला आणि गर्दीत मागं कुणीतरी फिसकन हसलं. आबासाहेबांनी मान वळवली तसं हसू थांबलं.

आपल्या बापाच्या, सहादेवच्या मागं उभ्या असलेल्या भारतीनं ते हसू ऐकलं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि पेल्यातलं पाणी पाहिलं. एक थेंबही कमी झाला नव्हता.

कागद

चेतनच्या हातातल्या कागदावर असं होतं:

*गळाभेट, भाग सतरा. आबासाहेब आणि सहादेवराव, दोन जिवलग मित्र. तेरा वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत धक्काबुक्की होते. सहादेवरावांची पेटी चुकून फुटते. गैरसमज. अबोला. आज आबासाहेब नवी पेटी घेऊन मित्राच्या दारी येतात. मुलगी पाणी देते. आबासाहेब पितात.*

*आबासाहेब : सहादेवराव, माझं चुकलं. मला माफ करा.*

*सहादेवराव : माफ केलं.*

*मिठी. संगीत.*

त्याच कागदाच्या मागं भारतीनं लिहिलं असतं तर ते असं झालं असतं:

जिवलग मित्र सोडा, आबासाहेबांच्या ओसरीची पायरी सहादेवनं जन्मात चढली नव्हती. शहाऐंशी सालच्या जयंतीला बौद्धवाड्याचा जलसा पारापुढून जात होता. सहादेव गात होता. चाळीस चाळीस कडव्यांची गाणी त्याला तोंडपाठ, वही म्हणून कधी हातात नाही. आबासाहेब पारावरून उतरले, सहादेवच्या उजव्या कानाखाली वाजवली, पेटी हिसकून जमिनीवर आपटली आणि वहाणेच्या टाचेनं चेचली. एकदा नव्हे, वेळ घेऊन. एकोणीस वर्षांची भारती मग मातीतून पितळी पट्ट्या वेचत बसली. चौकीवरची तक्रार चार दिवसांत मागं घ्यावी लागली. सहादेव त्यानंतर गायला नाही. गाणं जाऊ द्या, बोलणंही हळूहळू मोजकं झालं.

आता नव्व्याण्णव साल होतं, आबासाहेबांना विधानसभेचं तिकीट हवं होतं आणि तिकिटाला बौद्धवाड्याची मतं हवी होती. नगरहून पक्षाचे दोन पाहुणे पहिल्या रांगेत बसवले होते. पेटी भाड्याची होती; शूटिंग झालं की जीपमधून परत जाणार.

अंगणवाडीत ताई असलेल्या भारतीनं होकार देताना दोनच अटी घातल्या होत्या. जागा पाराचीच. आणि सगळं गाव बोलवायचं.

"वा, मॅडम!" चेतन म्हणाला होता. "क्राउड तर हवाच."

टेक २

पेटी ठेवली. पेला ओठांपाशी गेला, परत आला. हात जोडले.

"सहादेवराव, माझं चुकलं. मला..."

"साहेब," भारती अदबीनं म्हणाली, "ह्यांनी पानी पिलंच न्हाई. पेला भरल्याला हाय. टीव्हीत दिसंल ना?"

सगळं गाव पेल्याकडं बघायला लागलं. पक्षाचे पाहुणेही.

"कट. सर, प्यायचं खरंच. घोट गळ्यातून उतरताना दिसला पाहिजे."

"तहान न्हाई मला," आबासाहेब म्हणाले.

"शॉटपुरतं, सर."

टेक ३

प्याले. पेला अर्धा झाला. घोट उतरताना गळ्याची घाटी वरखाली झाली ती शेवटच्या रांगेलाही दिसली. माफी मागून झाली आणि भारतीनं सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"मॅडम, इकडं नाही बघायचं!"

"चुकलं, साहेब."

टेक ४

या वेळी भारतीच्या हातातला पाण्याचा तांब्या सुटला. पितळ दगडावर आपटून घरंगळत थेट आबासाहेबांच्या वहाणेपर्यंत गेलं. ते तेव्हा नेमके वाकलेले होते.

"आबासाहेब," पहिल्या रांगेतून कानिफनाथ म्हाताऱ्यानं आपुलकीनं सल्ला दिला, "दोन्ही गुडघं टेकून ठिवा की पेटी. कंबर धरनार न्हाई."

आता हसणारे पुष्कळ होते आणि आबासाहेबांना मान वळवून सगळ्यांकडं एकदम बघता येईना. कपाळावर लावलेली पावडर घामानं भुवयांत उतरली होती. फुलीकडं जाता जाता ते भारतीच्या जवळून गेले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "लई झालं हां, पोरी. ध्येनात ठिवीन."

चेतननं कानावरचा हेडफोन सारखा केला. "सर, तुमच्या सदऱ्याला माईक आहे. सगळं ऐकू येतंय."

मग तो भारतीकडं वळला. सबंध दिवसात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "आणि मॅडम, आता एक जरी चूक झाली तर तुम्हाला फ्रेमबाहेर काढीन. पाणी ती टेकची पाटी वाजवणारी मुलगी देईल."

भारतीनं मान हलवली आणि मनात मोजलं. चार वेळा. चार वेळा वाकला होता तो माणूस. यापुढं तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

टेक ५

काहीच चुकलं नाही.

पेटी ठेवली, पाणी प्याले, हात जोडले, राव म्हणाले, करा म्हणाले. भारतीनं डोळे मिटून घेतले. आता दादा, बापाला ती दादाच म्हणायची, ते दोन शब्द बोलणार. मग ते टीव्हीवर येणार, आणि पुढं कायमचं सगळ्यांनी म्हणायचं की सहादेवनं माफ केलं. अंगठ्याचं नख तिनं तर्जनीत रुतवून धरलं.

कुणी काही बोललं नाही.

तिनं डोळे उघडले. सहादेव चेतनकडं बघत होता.

"साहेब, म्या काय म्हनायचं हुतं?"

"माफ केलं. काका, माफ केलं. दोनच शब्द."

"हां हां. माजी याद जरा..." सहादेवनं हात हवेत हलवला.

टेक ६

"बरं," सहादेव म्हणाला.

"बरं नाही हो काका!"

टेक ७

खोकला. लांबलचक. त्यात पेटीपुढं वाकलेले आबासाहेब तसेच थांबले, कारण चेतननं हातानं त्यांना 'उठू नका, तिथंच' अशी खूण केली होती. ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसलेली पुष्पावती शेजारणीला म्हणाली, "बया, आजून न्हाई व्हय झाली माफी मागून?"

भारती हसली नाही. ती बापाच्या पाठीकडं बघत होती. सत्तरीला आलेली ती पाठ तिला एकदम फार म्हातारी दिसली. दोन शब्द राहत नाहीत. चाळीस कडवी राहायची. हे आपल्यामुळं वाढलं, आपणच त्याला इथं आणून बसवलं, असं वाटून तिनं हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सहादेवनं वर न बघता तो हात बाजूला केला.

टेक ८

"...मला माफ करा."

सहादेव पुढं झुकला. उजव्या कानामागं तळवा धरला.

"काय म्हनला?"

आबासाहेब चेतनकडं बघायला लागले.

"न्हाई, काय हाय," सहादेव शांतपणे म्हणाला, "ह्या कानाला कमी येतंय. मोठ्यानं म्हना."

कुणीच हसलं नाही. त्या कानाला कधीपासून कमी येतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पक्षाच्या पाहुण्यांपैकी एकानं शेजारी वाकून काहीतरी विचारलं, आणि कानिफनाथनं त्याला सावकाश, सविस्तर सांगायला सुरुवात केली.

टेक ९

"सहादेवराव, माझं चुकलं!" आबासाहेब ओरडले. शाळेच्या भिंतीवर आदळून 'चुकलं' परत आलं.

सहादेवनं मान डोलावली, जशी चांगली तान ऐकून डोलवावी. पण बोलला नाही.

टेक १०

पाटी वाजली. आबासाहेबांना पेटी उचलेना. दोघांनी पुढं होऊन हात लावला तेव्हा चेतन म्हणाला, "नको, फ्रेममध्ये एकट्यानंच."

पक्षाचे पाहुणे चहाला म्हणून उठले होते. ते खुर्च्यांकडं परत आले नाहीत.

टेक ११

ऊन पाराच्या दगडांवरून उतरून रस्त्यापलीकडं गेलं होतं. चेतननं डोक्याला हात लावला.

"काका, तुम्ही काहीच बोलू नका. तुमची पाठच घेतो. ते दोन शब्द मुंबईत आमचा एक आर्टिस्ट बोलेल. कुणाला कळणार नाही."

"बोलू द्या त्याला," सहादेव म्हणाला.

आबासाहेब अकराव्यांदा वाकले. कमरेवर हात ठेवून, गुडघे टेकून, जसं कानिफनाथनं सांगितलं होतं तसं. पाणी स्वतःहून मागून घेतलं आणि पेला रिकामा केला. माफी मागितली तेव्हा आवाज इतका बसला होता की ती खरीच वाटली. चेतन खूश झाला. मिठी झाली, म्हणजे आबासाहेबांनी मारली, सहादेवचे हात मांडीवरच होते. मग कुणीतरी पेटी जीपमध्ये टाकली.

त्यानंतर, घरी

भारतीनं चहा केला. सहादेव उंबऱ्यात बसला होता. बाहेर अजून उजेड होता. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण आज थांबून "काय, सहादेवराव!" म्हणून हसत पुढं जात होता.

"दादा," कप हातात देत ती म्हणाली, "उद्याच्याला जामखेडला जाऊ. दवाखान्यात."

"कशापायी?"

"दोन शब्द ध्येनात राहीनात तुमच्या."

सहादेवनं कप जमिनीवर ठेवला. घसा खाकरला. आणि तेरा वर्षांत तिनं पाहिलं नव्हतं असं डाव्या कानावर हाताचा तळवा ठेवला, जलसा सुरू करताना ठेवायचा तसा.

"रोल कॅमेरा," तो म्हणाला, हुबेहूब चेतनच्या आवाजात. "गळाभेट, भाग सतरा, टेक एक." मग छातीशी काहीतरी जड धरल्यासारखे हात केले, "हुं" केलं, पुढं वाकला, हवेतलं पाणी प्यायला. "सहादेवा, माझं चुकलं. कट! सर, झकास, फक्त सहादेवराव म्हणा. सहादेवराव, माझं चुकलं. साहेब, ह्यांनी पानी पिलंच न्हाई. कट. तहान न्हाई मला. शॉटपुरतं, सर." तांब्या पडला. कानिफनाथ बोलला. "लई झालं हां, पोरी," हेही आलं, दातांतल्या दातांत. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. शेजारची बायामाणसं दारात येऊन उभी राहिली. सहादेव पाचवा टेक ओलांडून गेला, खोकला, पुष्पावती झाला, कानामागं तळवा धरला, ओरडला, आणि शेवटी अकराव्याला हात जोडून, आवाज बसवून म्हणाला, "सहादेवराव, माझं चुकलं. मला माफ करा."

इथं तो थांबला.

भारती त्याच्याजवळ उंबऱ्यात टेकली.

"ह्या जागी ममईचा मानूस बोलनार हाय," सहादेव म्हणाला, आणि चहाचा कप उचलला.