दोन ओकांमधले मचाण

मित्रांनो, मी एक जुने मचाण आहे आणि माझ्या माथी एका हरिणीचे पाप आहे. मन मोकळे करावे म्हणून बोलतो आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या रानात, ओकच्या दोन झाडांमध्ये, बारा फूट उंचावर मला व्हर्लिन टॉलेफसन यांनी बांधले. फळ्या मोडलेल्या गोठ्यातल्या होत्या. त्यांची मुलगी जनेल एकेक फळी वर देत होती. ती म्हणाली, एका बाजूला खिळे नकोत, वासे नुसते टेकवा, वाऱ्यात दोन झाडे दोन दिशांना डोलतात. व्हर्लिन यांचा सारा जन्म गोठे बांधण्यात गेला होता. त्यांनी दोन्हीकडे खिळे ठोकले, वर दोन जास्तच. मलाही तेव्हा मोठी ऐट वाटली.

दर नोव्हेंबरात शिकारीचे नऊ दिवस माझे कौतुक चाले. हिवाळाभर पुरेल एवढे मांस घरात जाई. दहाव्या दिवसापासून मात्र माझ्याकडे कोणी फिरकत नसे. झाडे मला इकडून तिकडून ओढत राहिली. माझे खिळे बोटभर बाहेर आले, पण हातोडी घेऊन कोणी आले नाही.

व्हर्लिन एकाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे दुखत, म्हणून जनेल त्यांना घरी बसा म्हणत होती. एवढे एक वर्ष जाऊ दे, असे म्हणून ते माझ्यावर चढले. सकाळी हरीण आले, मादी होती. त्यांनी बंदूक माझ्या कठड्यावर टेकवली. नेमका तेव्हाच वारा सुटला आणि मी हललो. गोळी तिच्या पोटात लागली. ती तशीच पळत दलदलीत शिरली.

जखमी जनावराच्या मागे जायचेच, हा तिथला नियम. व्हर्लिन खाली उतरले, गुडघाभर गार पाण्यापर्यंत गेले आणि थांबले. मग त्यांनी बुटाने बर्फ लोटून रक्ताचे थेंब झाकले. मी वरून सगळे पाहत होतो.

बार ऐकून जनेल आली.

"पडलं का, बाबा?"

"नेम हुकला."

नेम हुकला की शिकाऱ्याच्या सदऱ्याची शेपटी, म्हणजे मागचे टोक, कापायची, ही त्यांची रीत. तिने हसत चाकू काढला. "इतकी वर्षं वाचवलीत, आज गेली बघा!" म्हणत तिने तो तुकडा माझ्याच एका बाहेर आलेल्या खिळ्याला अडकवला. व्हर्लिनही हसले. ते हसणे मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते जनेलला घेऊन परत आले. चेहरा उतरला होता.

"नेम हुकला नव्हता गं. पोटात लागली तिला. मी रक्त झाकलं."

जनेल दलदलीत उतरली. ती परतली तेव्हा दुपार झाली होती. पोटातल्या जखमेने मांस नासून वाया गेले होते, पण ते तिने सांगितलेही नाही.

"अंग अजून गरम आहे तिचं, बाबा," ती म्हणाली. "रात्रभर जिवंत होती."

व्हर्लिन माझ्या शिडीपाशी बर्फातच बसले. गुन्हा एकट्या त्यांचा नव्हता, पण मला बोलता कुठे येत होते?

मित्रांनो, हाताने काही बांधाल तर त्याचा सैल झालेला खिळा वेळीच ठोका. आणि हातून काही वाईट घडले तर ते त्याच दिवशी सांगा. एक रात्र फार मोठी असते.