सहाचा सात

सांगून कोणाला पटायचं नाही, पण त्या सकाळी पूनमसिंगच्या डोळ्यांपुढे एक सात बसला होता आणि तो सात त्याच्याकडे टक लावून पाहत होता. मघापर्यंत तिथं सहा होता. बोट लावायचा अवकाश, सहाचा सात झाला – मुकुटबनजवळच्या तांड्यात, ओट्यावर, मांडीवरच्या लॅपटॉपात – आणि तेवढ्यानं चार हजार वेबसाइटींना कळलं की पूनमसिंग राठोडचं प्लगिन वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या, सातव्या आवृत्तीवर तपासलेलं आहे.

तपासलेलं नव्हतं.

एवढुसं ते प्लगिन… वेबसाइटला बाहेरून जोडायचं, फुकट, कोणीही घ्यावं, कोणीही उघडून दुरुस्त करावं. पांढरकवड्याला कॉम्प्युटर क्लास चालवायचा तेव्हा लिहिलेलं. कोणत्या गावचा बाजार आता कोणत्या वारी, दर आठवड्याला की एक सोडून एक, एवढंच सांगणारं, कारण साडू एकदा बुधवारी बकऱ्या हाकत गेला आणि बाजार मंगळवारीच उठला होता. मग ते कोणी कोणी उचललं, कुठं कुठं नेलं… तांड्यात सांगितलं तर लोक पोट धरून हसले. टिपेश्वरच्या वाघानं आपल्याला वाट विचारली, ही त्याची थाप ऐकून घेत. चार हजार मात्र कोणी ऐकून घेईना. आणि चार हजारच तेवढे खरे होते.

तपासायला अर्धा तास पुरला असता. पण तपासलं आणि मोडलं तर? एक आठवडा सोडून एक मोजायची त्याची जुनी युक्ती सातव्या आवृत्तीनं काढून टाकली, असं कुठंतरी वाचलेलं. नवी त्याला येत नव्हती… येत नाही हे त्याला कळून घ्यायचं नव्हतं, बस. सहा तसाच ठेवला असता तर प्लगिनच्या पानावर पिवळी पट्टी आली असती – याची देखभाल कोणी करत नाही. म्हणजे माणूस गेलाच की!

चहा निवायच्या आत पत्र आलं. कुठल्याशा थंड समुद्रातल्या बेटावरची नर्स. आमच्याकडे एक सोडून एक गुरुवारी डॉक्टरची नाव येते, तुमचं प्लगिन पाहून लोक धक्क्यावर येतात, वाडीवाडीतून, काही जण तर पहाटे निघतात. तुम्ही सात लिहिलेलं पाहिलं आणि आम्ही आजच नव्या आवृत्तीवर आलो. आभार.

त्यानं ते तीनदा वाचलं. समुद्र त्यानं कधी पाहिलेला नव्हता. बकऱ्यांसाठी लिहिलेल्या चार ओळींवर तिथं कोणी पोराला शालीत गुंडाळून वाऱ्यात उभं राहत होतं… त्याच्या अंगावर काटा आला, उन्हात. जन्मभर तोंड दुखेस्तोवर शपथा घेतल्या तेव्हा कोणी मान डोलावली नाही, आणि इथं एक आकडा – नुसता, मुका – आणि समुद्रापलीकडच्या बाईनं त्यावर गाव सोपवलं. का नाही विचारलं तिनं? एकदा तरी विचारायचं… बाई, इतका भरवसा!

आणि मग पणजोबा हिरासिंग आठवला. मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन पुढं चालायचा, वाटेतल्या विहिरीचं पाणी स्वतः प्यायचा, रात्र काढायचा, सकाळी धड उठला तरच मागच्या तांड्यासाठी पाणी चांगलं असल्याची खूण म्हणून काठावर पांढरा दगड ठेवायचा. गंमत अशी की ही गोष्ट पूनमसिंगनंच रचलेली होती, एका लग्नात, जेवणं व्हायला उशीर होता म्हणून. पण आत्ता तो हिरासिंग ओट्याच्या पायरीशी बसला होता, ओठ ओले, आणि सातच्या आकड्याकडे पाहत होता.

बाजूला धनीबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. घरात दोघं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत बोलत. ती वऱ्हाडीवर आली की समजायचं, आता हे शेजारीपाजारीही ऐकणार.

"तोंड काहून उतरलं जी? कोनाचं पत्र हाय?"

त्यानं सांगितलं. बेट, नाव, धक्का. काहीही वाढवून न सांगता, अडखळत, आणि तिच्या बोटांतली शेंग तशीच राहिली.

"म्हंजे हे खरं हाय?" ती हळूच म्हणाली. "तुमचं पाहून डॉक्टरकडे येतेत लोकं?"

"हो."

"माय वो…" तिनं पदर डोक्यावर ओढला, जणू ती बाई समोरच उभी होती. मग विचारलं, "अन् तपासलं ना तुम्ही?"

"तपासलं म्हणजे? तीनदा! सात वाजून चाळीस मिनिटांनी पहिल्यांदा. मग सात बावन्नला. मग दोन्ही गुरुवार लावून, पुढच्या सव्वीस आठवड्यांचे…"

आकडे कसे सुरेख येत होते. आणि तो ऐकत होता, आपल्याच आवाजाला, पायरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्यासोबत.

धनीबाईनं सूप खाली ठेवलं.

"आतापर्यंत खरं सांगत होते, त तुम्हाले एक आकडा आठवत नोयता; अन् आता मिनिटं बी आठवून राह्यले. तिथं लेकरं घेऊन बाया उभ्या राहतीन, अन् तुम्ही खोटं बोलून राह्यले!"