ओलं निम्मं

“मंदाबेन, मीठुं पाणी आव्युं!” असं ओरडून छगनभाईनं सायकल पुढं दामटली आणि इकडे मंदा ताडकन उठली. मीठ! खाडी चढली की काय? पदर खोचून ती धावली आणि चारीच्या तोंडावरची फळी तिनं धाडकन खाली ठोकली. भात पोटरीत आलेलं. खारं पाणी शिरलं की संपलंच सगळं.

प्लेगच्या धास्तीनं गावी पळालेला लोटू परत सुरतेला येताना बायकोला खानदेशातून घेऊन आला होता. तो पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये जायचा आणि मंदा छगनभाईचं शेत बटाईनं करायची. पीक निम्मं त्याचं, निम्मं हिचं. कालव्याचं पाणी घ्यायचं, भरतीचं आलं तर फळी बंद, एवढं लोटूनं तिला पक्कं शिकवलं होतं. बाई मोठी शहाणी, सांगितलं तेवढं चोख करणारी. तेच नडलं.

दुपारी लोटू कामावरून आला.

“फळी काब्र बंद शे?”

“मीठुं पानी ऊनं ना!”

लोटूनं चारीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि कपाळावर हात मारला. “येडी! आठे गुजरातमा गोडले मीठुं म्हंतस!”

“मंग मीठले काय म्हंतस?”

“त्यालेबी मीठुंच!”

आता हसावं की रडावं! त्यांची पाळी संपली होती, कालव्याचं पाणी पुढच्या गावाला गेलं होतं. ते परत येईतो भात वाळून जाणार. चारीच्या तळाशी गुडघाभर पाणी तेवढं उरलं होतं.

मंदा ढसाढसा रडली. मग नाक पुसून उठली. रंगाच्या रिकाम्या डब्याला दोन्हीकडून दोर बांधून दोघं पाणी उपसू लागले.

“सगळाले थोडं थोडं देवूत,” लोटू म्हणाला.

“नही. मंग सगळंच मरी. निम्मं वाचाडूत.”

आणि तिनं शेताच्या बरोबर मधोमध चिखलाचा बांध घातला.

संध्याकाळी छगनभाई आला. त्यानं विचारायच्या आतच ती म्हणाली, “गलती मेरी है, छगनभाई. पानी मैंने बंद किया.”

छगनभाई बांधाकडे बघत राहिला. “हवे? अब क्या?”

“गीला आधा आपका. सूखा मेरा.”

लोटू काही बोलणार होता. तिनं त्याच्या बाजूचा दोर त्याच्या हातात दिला. बांधाच्या दोन्ही अंगांना भात अजून सारखंच हिरवं होतं. मंदानं दोर पुन्हा मुठीत धरला आणि छगनभाईच्या निम्म्यात आणखी एक डबा ओतला.