मरियामाय आणि गव्हाणीतलं गाढव

"सरक ना वं जराशी. नाताळापासून येऊन राह्यली, पण मले मायचा एकबी आसू दिसला नाई," शकुबाई माझ्या कानाशी कुरकुरली.

अहेरीकडच्या आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. समोर मेणबत्त्यांची रांग, तिच्यामागे मरियामातेची सागवानी मूर्ती. मूर्तीच्या गालांवर ओघळ. शेजारी गडचांदूरहून आलेला प्रार्थनावाला निकेश, माइक ओठाला चिकटवून.

"माय काऊन रडते? वेदीवरून जमिनीच्या गोष्टी झाल्या म्हणून रडते. आसू दोन, पण संदेश एक!"

जमिनीच्या गोष्टी म्हणजे आमच्या फादर विनोदांचं प्रवचन. बापाच्या जमिनीत बहिणीचाही वाटा असतो, तो दाबून ठेवणाऱ्यानं प्रभुभोजनाच्या रांगेत उभं राहू नये, असं ते नाताळाआधी बोलले. पहिल्या बाकावर डोमाभाऊ होता. त्याची विधवा बहीण सोमारी बापाच्याच शेतात मजुरीनं धान कापते. बाकी बाकांवरही असे भाऊ कमी नव्हते. नाताळात मूर्ती रडली, निकेशनं अर्थ सांगितला, डोमाभाऊनं फादरांना हलवा म्हणून अर्ज लिहिला, गावानं सह्या केल्या. बिशपांची चिठ्ठी आली, फादरांनी उद्या गाव सोडायचं. त्या अर्जावर सही माझीही आहे.

पण सकाळच्या प्रार्थनेला, म्हणजे मिस्साला, मूर्तीपुढं मेणबत्त्या नसत, आणि तेव्हा माय कधीच रडत नव्हती. त्या दिवशी सकाळी फुलं ठेवताना मी तिच्या डोळ्याच्या खाचेत बोट घातलं होतं. आत पिवळं, घट्ट काहीतरी. वास घरचाच, मोहाच्या बियांच्या तेलाचा. थंडीत ते तुपासारखं गोठतं.

"शकुबाई, मूर्तीले तेल कोण लावते?"

"मीच. नाताळाच्या आधी. थंडीत लाकूड तडकते ना."

"फक्त मायले?"

"सगळ्याइले. गव्हाणीतल्या गाढवालेबी. त्यानं काय पाप केलं?"

मी उठले, चार मेणबत्त्या उचलल्या आणि बाजूला नाताळासाठी मांडलेल्या येशूजन्माच्या गव्हाणीतल्या लाकडी गाढवाच्या तोंडासमोर मांडल्या.

"बाई, श्रद्धेत गडबड नको," निकेश माइकवरूनच म्हणाला.

"गडबड नाई भाऊ. थंडी आहे, गाढवाले शेकून राह्यली."

दहा मिनिटांत गाढव रडू लागलं. मायपेक्षा जास्त, आणि नाकापर्यंत.

"आता याचा संदेश सांगा," मी म्हटलं.

निकेशनं माइकवर टिचकी मारली. "लाइट गेली वाटते," म्हणाला. टिचकीचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. मग काय, हसून हसून शकुबाईचा पदर ओला झाला.

मी एवढंच सांगितलं, की चमत्कार दिसला तर आधी हात लावून पाहा, वास घ्या, मेणबत्ती सरकवून पाहा. त्यानं देव रागावत नाही. माइकवाला रागावतो.

डोमाभाऊ उठला. "तेलानं फसवलं आपल्याले. फादरले राहू द्या म्हणून बिशपले दुसरा अर्ज देऊ." सगळ्यांच्या माना हलल्या. सगळ्यांना मोकळं वाटलं. दाराशी उभ्या फादरांकडे मात्र कोणी पाहिना.

शेवटच्या बाकावरून सोमारी उठली. आवाज मोठा नव्हता.

"तेलावर नको ढकलू, दादा. माय रडली नसती तरी तू अर्ज लिहिलाच असता. फादरनं माह्या वाट्याचं नाव घेतलं, म्हणून तुम्ही त्याइले घालवून राह्यले. दुसऱ्या अर्जात हे लिहा."